एकच फाइल, सहा सर्व्हर: अ‍ॅन्सिबलने जावा कसं बसवायचं?

आज आपण पाहणार आहोत, एकापेक्षा जास्त सर्व्हरवर रनटाइम एकदम आणि सारखा कसा बसवायचा.

मी पवनी तालुक्यातल्या कोंढ्यातून सहा सर्व्हर सांभाळतो. सुरुवातीला प्रत्येक सर्व्हरवर एसएसएचने जायचो आणि हाताने कमांड मारायचो. एकदा जावा 11 काढून 17 टाकत होतो. पाच सर्व्हर झाले आणि नेट गेलं. परत आल्यावर वाटलं, सगळं झालंय. नवीन अ‍ॅप 17 साठी बनवलेलं, त्यामुळे सहाव्या सर्व्हरवर ते सुरूच झालं नाही. हेल्थ चेक मी लावलेला नव्हता, म्हणून लोड बॅलन्सर तिकडेही लोक पाठवत राहिला. साधारण सहापैकी एकाला एरर, बाकीच्यांना सगळं ठीक. शोधायला अख्खा दिवस गेला.

रनटाइम म्हणजे काय?

प्रोग्राम चालवण्यासाठी खाली जे लागतं, ते रनटाइम. जावासाठी जेआरई, जावास्क्रिप्टसाठी नोड, शिवाय पायथन आणि पीएचपी. तुमच्या फोनमध्येही आहे! अँड्रॉइड 5.0 पासून, म्हणजे 2014 पासून, अ‍ॅप्स एआरटी या रनटाइमवर चालतात. फोनमध्ये तो सिस्टीमसोबतच येतो. सर्व्हरवर मात्र तो आपल्याला बसवावा लागतो आणि अपडेटही ठेवावा लागतो.

एक सर्व्हर सुटला तर किती बिघडतं?

1 ऑगस्ट 2012 ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार कंपनीत हेच झालं. नवीन कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता, एक राहून गेला. त्यावरचा जुना कोड जागा झाला आणि चुकीच्या ऑर्डर सुटल्या. साधारण 45 मिनिटांत 46 कोटी डॉलरच्या आसपास नुकसान झालं.

रनटाइममध्येच भोक निघालं तर? एप्रिल 2022 मध्ये जावा 15 ते 18 मध्ये अशी चूक सापडली की एका प्रकारची कोरी डिजिटल सहीसुद्धा खरी मानली जायची. जावा 17 मध्ये ती 17.0.3 ला दुरुस्त झाली. अशा दिवशी पहिला प्रश्न हाच असतो: आपल्या कोणत्या सर्व्हरवर कोणतं जावा आहे? उत्तर डोक्यात नको, फाइलमध्ये हवं.

कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट टूल काय करतं?

आपण पायऱ्या सांगत नाही, शेवटी काय हवं ते लिहितो. "इथे जावा 17 असावं", एवढंच. टूल आधी बघतं. असेल तर हात लावत नाही, नसेल तर बसवतं. आपल्याकडे रोवणीच्या वेळी पाऊस आला की काम थांबतं. दुसऱ्या दिवशी ज्या बांधीत रोवणी झाली ती सोडून पुढच्या बांधीत उतरतात, पहिल्यापासून कोणी सुरू करत नाही. तसंच हे. म्हणून नेट मधेच गेलं तरी तीच फाइल परत चालवता येते. या गुणाला आयडेम्पोटन्सी म्हणतात.

ही कल्पना जुनी आहे. सीएफइंजिन 1993 चं, पपेट 2005 चं, शेफ 2009 चं. पपेटमध्ये सहसा प्रत्येक सर्व्हरवर एजंट बसवतात आणि तो दर 30 मिनिटांनी मुख्य सर्व्हरला विचारतो. अ‍ॅन्सिबल 2012 मध्ये आलं. त्याला एजंट लागत नाही. लिनक्स सर्व्हरवर एसएसएच आणि पायथन असलं की पुरतं. 2015 मध्ये ते रेड हॅटने घेतलं. याच रेड हॅटचं मोठं इंजिनिअरिंग केंद्र आपल्या पुण्यात आहे.

अ‍ॅन्सिबलने जावा बसवण्याच्या पायऱ्या

1. एका मशीनवर अ‍ॅन्सिबल टाका. हे कंट्रोल नोड. शक्यतो क्लाउडवरच ठेवा आणि त्यावर टीमक्स वापरा. मग फोनवरच्या टर्मक्समधून आत गेलात आणि नेट गेलं, तरी तिकडचं काम चालूच राहतं.
2. इन्व्हेंटरी फाइलमध्ये सगळ्या सर्व्हरचे पत्ते लिहा आणि त्यांना गटाचं नाव द्या. माझ्याकडे "वेब" नावाचा गट आहे.
3. सर्व्हरवर पासवर्डऐवजी एसएसएच की टाका.
4. यामल फाइलमध्ये प्लेबुक लिहा: कोणत्या गटावर चालवायचं, रूट अधिकार हवेत का, कोणतं पॅकेज हवं.
5. आधी चेक मोडमध्ये चालवा. काय बदलणार ते दिसतं, बदलत काही नाही.
6. मग खरं चालवा, पण सिरियल 1 ठेवून. एका वेळी एकच सर्व्हर, म्हणजे घोळ झालाच तर बाकीचे पाच शाबूत.
7. शेवटचा गोषवारा वाचा. ओके म्हणजे पायरी नीट पार पडली, चेंज्ड म्हणजे त्यात काही बदललं, अनरीचेबल म्हणजे सर्व्हरपर्यंत पोहोचताच आलं नाही. माझा तो सहावा सर्व्हर इथे लगेच दिसला असता.

लक्षात ठेवा, उबुंटू आणि रेड हॅटमध्ये जावाच्या पॅकेजची नावं वेगळी आहेत. दोन्ही प्रकारचे सर्व्हर असतील तर प्लेबुकमध्ये अट घालावी लागते.

नवशिके इथे फसतात

*प्रेझेंट आणि लेटेस्ट.* प्रेझेंट फक्त "पॅकेज आहे का" एवढंच बघतं. सर्व्हरवर चूक असलेलं 17.0.2 असेल, तरी ओके म्हणेल! लेटेस्ट नवीन आणतं, पण आज आणि पुढच्या महिन्यात वेगवेगळं आणू शकतं. मी रोजच्या प्लेबुकमध्ये प्रेझेंट ठेवतो, आणि सुरक्षा अपडेटसाठी लेटेस्टचं वेगळं प्लेबुक सगळ्या सर्व्हरवर एकाच दिवशी चालवतो.

*रीस्टार्ट.* डिस्कवर नवीन जावा आलं, तरी चालू असलेलं अ‍ॅप जुन्याच जावावर चालत राहतं. त्यासाठी हँडलर लावा. पॅकेज बदललं तरच तो अ‍ॅप रीस्टार्ट करतो. पण जावा बदललं आणि पुढची एखादी पायरी फेल झाली, तर हँडलर चालतच नाही. परत चालवल्यावर पॅकेज ओके दिसतं, म्हणून तेव्हाही रीस्टार्ट होत नाही. वरून सगळं हिरवं, आत जुनं जावा! फोर्स हँडलर्स हा पर्याय यासाठीच आहे.

*पासवर्ड.* प्लेबुकमध्ये उघडा लिहू नका. अ‍ॅन्सिबल व्हॉल्टने फाइल कुलूपबंद होते.

तुमच्याकडे एकच सर्व्हर असेल तर?

तरीही प्लेबुक लिहा. सर्व्हर उडाला, तर नवीन घेऊन तीच फाइल चालवायची. आणि ती गिटमध्ये ठेवा, म्हणजे कोणी, कधी, काय बदललं ते कळतं. आता माझ्या सहाही सर्व्हरवर कोणतं जावा हवं, ते मला आठवावं लागत नाही. फाइल उघडायची आणि वाचायचं. आणि ते खरंच तसंच आहे का, ते चेक मोड सांगतो.