‘प्रश्न उद्भवत नाही’ : सांगोला, सभागृह आणि आपला जाब

जून २०२२ मध्ये सांगोल्याच्या तेव्हाच्या आमदारांचा गुवाहाटीहून झालेला एक फोन महाराष्ट्रभर फिरला. “काय झाडी, काय डोंगार, काय हाटील.” त्यावर मीम झाले, रील झाले, आपल्या पोरांनीही ते स्टेटसला ठेवलं. कित्येकांनी सांगोला हे नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. आम्हाला त्या बोलीचा राग नाही. माणदेशी माणूस असाच बोलतो आणि गोड बोलतो. राग याचा आहे की ज्या तालुक्याने एका आमदाराला पन्नासहून जास्त वर्षं फक्त सरकारला जाब विचारण्यासाठी मुंबई-नागपूरला पाठवलं, तो तालुका लोकांच्या लक्षात राहिला एका हॉटेलच्या वर्णनावरून.

गणपतराव देशमुख, म्हणजे आबासाहेब, शेतकरी कामगार पक्षाकडून १९६२ साली पहिल्यांदा सांगोल्यातून विधानसभेत गेले. १९७२ ला हरले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला अवघ्या १९२ मतांनी हरले, १९९९ ला पुन्हा निवडून आले. एकूण अकरा वेळा विजय. एवढ्या काळात मंत्रिपद किती? १९७८ च्या पुलोद सरकारात आणि १९९९ नंतर थोडा काळ. बाकी सगळी हयात विरोधी बाकावर. एसटीने प्रवास करणारा आमदार ही त्यांची ओळख सगळे सांगतात, पण साधेपणाचं कौतुक करून माणूस गुंडाळून ठेवण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. आमच्या मते त्यांचं खरं काम होतं ते अधिवेशनात न चुकता बसणं, कागद वाचून येणं आणि दुष्काळ, पाणी, रोजगार हमी हे विषय सरकारला विसरू न देणं.

हा जाब विचारला कसा जातो, हे आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? तारांकित प्रश्न, अतारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, अर्धा तास चर्चा, ही आमदाराच्या हातातली हत्यारं. प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. ‘हे खरे आहे काय?’ मग ‘असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?’ आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तराचाही साचा ठरलेला. ‘हे खरे आहे’, ‘अंशत: खरे आहे’, ‘हे खरे नाही’ आणि सगळ्यात लाडकं उत्तर म्हणजे ‘प्रश्न उद्भवत नाही’. पण मंत्र्याने एकदा ‘अंशत: खरे आहे’ असं छापील दिलं की तो कागद तुमचा पुरावा होतो. मोर्चातलं भाषण हवेत विरतं, हा कागद राहतो.

हे शास्त्र आपल्याला कुणाकडून उसनं आणायचं नाही. १८ फेब्रुवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळाच्या सदस्यत्वाची शपथ घेतली. ते निवडून आलेले नव्हते, गव्हर्नरने नेमलेले होते. नेमणाऱ्याची हाजी हाजी करावी अशी तेव्हाही रीत होती आणि आजही आहे. बाबासाहेबांनी महिन्याभरातच, १२ मार्चला, शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना सरकारचाच हिशेब सरकारपुढे मांडला. इलाख्यात शिक्षणावर माणशी खर्च होतो चौदा आणे आणि दारूच्या अबकारी करातून माणशी वसूल होतात दोन रुपयांवर. निदान लोकांकडून त्या मार्गाने जेवढं घेता तेवढं तरी शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात अठरा, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरच होतात, हेही त्यांनी सांगितलं. आणि महाविद्यालयात दोन लाख लोकसंख्येमागे प्रगत हिंदूंचे १००० विद्यार्थी असताना मागासवर्गीयांचा आकडा शून्य आहे, हेही.

आकडे सरकारचे, प्रश्न आपला. ही पद्धत नीट बघा. भाषणात कुठे रडगाणं नाही, कुठे दयेची याचना नाही.

पण नुसतं सभागृह पुरतं का? नाही, आणि ते बाबासाहेबांइतकं कुणाला कळलं नव्हतं. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी याच विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला होता. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. सरकारने सप्टेंबरात खात्यांना तसा आदेश दिला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठरावही केला. प्रत्यक्षात ओंजळभर पाणी कुणाला घेता आलं नाही. १९२६ मध्ये बोल्यांना दुसरा ठराव आणावा लागला. जी नगरपालिका आणि लोकल बोर्डं ऐकत नाहीत त्यांचं अनुदान थांबवा, असा. तरीही तळं कागदावरच खुलं राहिलं. शेवटी शिक्षणावरच्या त्या भाषणानंतर आठच दिवसांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब हजारो माणसांसह चवदार तळ्यावर उतरले. विधिमंडळातला ठराव खरा केला तो त्या पावलांनी. आणि ठराव नसता तर ती माणसं कायद्याच्या बळावर तिथे उभी राहिली नसती, हेही तितकंच खरं.

सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विधिमंडळात जाण्याच्या दोन वर्षं आधी, जानेवारी १९२५ मध्ये, बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात आपल्या मुलांसाठी वसतिगृह काढलं होतं. चौथीनंतर मुलं का गळतात हे बाबासाहेबांना अहवालात वाचून कळलेलं नव्हतं.

आता आबासाहेबांकडे परत येऊ, कारण त्यांच्याशी आमचं भांडणही आहे. शेकापची भाषा ‘कष्टकरी’, ‘दुष्काळग्रस्त’ अशी. त्या भाषेत जात मागच्या बाकावर बसते. संयुक्त महाराष्ट्र समितीत शेकाप आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन एकत्र लढले, पण पुढे भूमिहीनांच्या सत्याग्रहाचं ओझं दादासाहेब गायकवाड आणि रिपब्लिकन कार्यकर्त्यांनीच मुख्यतः वाहिलं. टेंभू-म्हैसाळचं पाणी माणदेशात यावं म्हणून नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीने आबासाहेब झगडले, त्याला सलाम. मात्र कालव्याचं पाणी ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्या शेतात जातं. १९९३ पासून याच दुष्काळी पट्ट्यात उभ्या राहिलेल्या पाणी संघर्ष चळवळीने भूमिहीन कुटुंबालाही पाण्याचा हक्क मागितला होता. ती मागणी आज कुणाच्या जाहीरनाम्यात आहे? डाळिंबाच्या बागा दिसतात. त्या बागेत रोजाने जाणाऱ्या बाईच्या वस्तीवर नळ कधी येतो, हे कोण विचारतंय?

म्हणून वारसा घ्यायचा तर दोन्हीकडून घ्यावा. आबासाहेबांची चिकाटी, बाबासाहेबांचा प्रश्न.

विषय शोधायला लांब जायला नको. २०२३ मध्ये सरकारने कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचा घाट घातला. वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक असल्याचं तेव्हा पुढे आलं. त्या शाळा कुठे आहेत? वाड्यांवर, तांड्यांवर, वस्त्यांवर. तिथली मुलगी चार-पाच किलोमीटर लांब जाणार की घरी बसणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. घरकुलाचं तेच. योजनेला रमाईचं नाव दिलं, पण नावावर जागाच नाही म्हणून अर्ज मागे पडतो, आणि गायरानावर राहणाऱ्याला उलट अतिक्रमणाची नोटीस. २०२४ च्या निवडणुकीत सांगोल्यातून पुन्हा शेकापचा, आबासाहेबांच्या घरातलाच आमदार निवडून आला आहे. पुणे विभागाचे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ सोलापूर जिल्ह्यालाही लागू आहेत, म्हणजे विधानपरिषदेतही विचारणारी माणसं आहेत. जयंतीच्या वर्गणीसाठी त्यांच्या दारात जाणारे आपण प्रश्नाचा मसुदा घेऊन किती वेळा गेलो?

प्रश्न अधिवेशनाच्या कित्येक दिवस आधी द्यावे लागतात, तेव्हा तारीख पडल्यावर धावपळ करू नका. मसुदा असा करता येईल, गावाचं नाव आणि आकडे तुम्ही भरा, सोबत ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडा :

(१) सांगोला तालुक्यातील … येथील अनुसूचित जातीच्या … कुटुंबांचे घरकुल केवळ जागा नावावर नसल्यामुळे प्रलंबित आहे, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, सदर कुटुंबांना जागा उपलब्ध करून देण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे;
(३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?