पाणबुडीच्या कानाशी गोंगाट

शीतयुद्धात पाणबुड्या एकमेकींचा माग काढीत, तो आवाजावरून. परंतु वेग वाढला की पाणबुडीच्या पृष्ठभागालगतचा पाण्याचा थर खवळे. त्यातील भोवऱ्यांमुळे तिथला दाब सतत हेलकावे खाई. या गोंगाटात शत्रूची चाहूल सोनारच्या हातून निसटे.

हा पातळ थर, म्हणजे सीमास्तर, लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ मध्येच ओळखला होता. त्याखालचा चंचल दाब मोजणे मात्र लांबले. १९६२ मध्ये मिशिगन विद्यापीठातील विलमार्थ आणि वूल्ड्रिज यांना दिसले, की दाबाचे ठसे प्रवाहाच्या ०.५६ ते ०.८३ पट वेगाने सरकतात. हे मोजमाप सपाट भिंतीचे. पाणबुडी सपाट कुठे असते?

तिच्या अग्रभागी प्रवाह वेग घेतो, दाब उतरत जातो; शेपटीकडे दाब चढतो. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतील श्लोमर यांनी १९६७ मध्ये नेमका हा फरक तपासला. उतरत्या दाबाखाली तार स्वरातला गोंगाट झपाट्याने घटला. चढत्या दाबाखाली खर्जातला वाढला. आणि दूरच्या जहाजाची चाहूल समुद्रातून येते ती बहुधा खर्जातच!

गंमत अशी, की अमेरिकेच्या ‘टलिबी’ने १९६० मध्येच सोनार अग्रभागी बसवले होते, तेही मुख्यतः प्रोपेलरच्या आवाजापासून दूर राहण्यासाठी.