घरी बनवलेल्या विमानाचं धड बदललं तर काय होतं?

डहाणू आणि तलासरी तालुके ज्या पालघर जिल्ह्यात येतात, तिथे १५७ एकरांवर विमानांचा कारखाना उभारण्याचा करार फेब्रुवारी २०१८ मध्ये 'मॅग्नेटिक महाराष्ट्र' परिषदेत झाला होता. राज्य सरकारने हा करार कॅप्टन अमोल यादव यांच्या कंपनीशी केला. कांदिवलीतल्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बनवणारे वैमानिक ते हेच.

ते विमान सुटं करून क्रेनने खाली उतरवलं गेलं आणि २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं गेलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, त्याची नोंदणी केली. उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये मिळाला आणि २०२० मध्ये धुळ्यात चाचणी झाली.

घरी बनवलेलं विमान म्हटलं की एक प्रश्न हमखास येतो. विमान आपणच बनवलंय, मग त्याचं धड हवं तसं बदलता येतं का?

धडाचं काम काय?

पंख, शेपटी, इंजिन आणि चाकं धडाला जोडलेली असतात. धातूच्या धडात आडव्या चौकटी आणि लांब पट्ट्या असतात, त्यावर पातळ पत्रा रिव्हेटने बसवतात. हा पत्रा फक्त झाकण्यासाठी नसतो, तोही ताण पेलतो. त्यामुळे दार किंवा खिडकी मोठी करण्यासाठी पत्रा कापला, तर तिथला ताण भोक टाळून कडेने जातो. कोपरा टोकदार राहिला तर तिथून तडा जाऊ शकतो. म्हणून कोपरे गोल ठेवतात आणि भोकाभोवती जादा पट्ट्या लावतात.

थोडं वजन वाढलं तर बिघडतं काय?

समजा, विमानाचं वजन ६०० किलो आहे. गुरुत्वमध्यापासून ३ मीटर मागे, शेपटीकडे, १० किलोची मजबुती जोडली. गुरुत्वमध्य सुमारे ५ सेंटीमीटर मागे सरकेल. आकडा छोटा वाटतो, पण सेस्ना १७२ सारख्या लोकप्रिय विमानात पूर्ण भार असताना एकूण मुभाच साधारण २० सेंटीमीटरची असते.

गुरुत्वमध्य फार मागे गेला तर नाक वर उचललं जातं, वेग घटतो आणि पंखांची उचल तुटली की विमान सावरणं अवघड होतं. फार पुढे गेला तर उतरताना नाक वर घेता येत नाही.

एका खटक्याची किंमत

१२ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर यांचं 'लाँग-ईझी' विमान कॅलिफोर्नियातल्या माँटेरे उपसागरात कोसळलं आणि त्यांचा मृत्यू झाला. हे विमान दुसऱ्या एका व्यक्तीने घरी बनवलं होतं. इंधनाची टाकी बदलण्याचा खटका मूळ आराखड्यातल्या जागेऐवजी वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. खटका फिरवण्यासाठी मागे वळताना उजव्या रडरवर नकळत पाय पडला आणि विमानाचा ताबा सुटला, असा निष्कर्ष तपास यंत्रणेने काढला. खटक्याची अवघड जागा हेही एक कारण मानलं गेलं.

मग बदल करायचाच नाही?

करता येतो, पण क्रम पाळून. आधी मूळ आराखडा बनवणाऱ्याला विचारायचं आणि ताणाचं गणित मांडायचं. बदल झाल्यावर विमान तीन काट्यांवर, प्रत्येक चाकाखाली एक, असं पुन्हा तोलायचं आणि गुरुत्वमध्य नव्याने काढायचा. अमेरिकेत घरगुती विमानात मोठा बदल झाला की ते पुन्हा चाचणी उड्डाणांच्या टप्प्यात जातं. त्या काळात प्रवासी बसवता येत नाहीत. भारतातही परवाना ज्या रचनेसाठी मिळाला, ती बदलण्याआधी डीजीसीएकडे जावं लागतं.

गच्चीवर विमान बनू शकतं, हे चारकोपने दाखवलं. पण बदललेलं विमान कागदावर आणि वजनकाट्यावर पास झाल्याशिवाय धावपट्टीवर नेण्यात वैमानिकाच्या जिवाला धोका आहे.