नझूल, झुडपी आणि घरकुल : गोंदिया जिल्ह्यातील नागरी गृहनिर्माणाचा भूमिविषयक पूर्वेतिहास

नगरपालिकांनी गरिबांच्या निवाऱ्यासाठी केलेल्या प्रयत्नांचा इतिहास सामान्यतः योजनांच्या क्रमाने सांगितला जातो. कोणती योजना कोणत्या वर्षी आली, तीत अनुदान किती होते आणि घरे किती झाली, एवढे नोंदले की विषय पूर्ण झाला असे मानण्याची प्रथा आहे. गोंदिया जिल्ह्यापुरता विचार केल्यास ही पद्धत अपुरी पडते. येथे गरिबाचे घर पैशाच्या आधी जमिनीच्या नोंदीपाशी येऊन थांबते. आणि त्या नोंदींतील शब्द ह्या सर्व योजनांहून पुष्कळ जुने आहेत. त्या शब्दांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. परंतु गोंदिया शहराची वाढ त्यापूर्वीच्या शतकातील आहे. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ह्या ठाण्याला जंक्शनचे स्वरूप दिले. मागोमाग धानाचा व्यापार, राईस मिल, तेंदूपत्ता आणि विडीचे कारखाने आले. ह्या धंद्यांना मजूर हवे होते, परंतु त्यांच्या वस्तीची तजवीज कोणी योजनापूर्वक केली नाही. मजुरांनी जेथे मोकळी जागा दिसली तेथे मातीच्या भिंती उभारल्या आणि वर कवेलू घातले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ३३ हजार होती. मात्र जिल्ह्याच्या १३ लाख २२ हजार लोकसंख्येत शहरी भाग केवळ १७ टक्क्यांच्या आसपास होता.

ही ‘मोकळी जागा’ मोकळी नव्हती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. नागरी क्षेत्रातील शासकीय जमिनीला ह्या प्रदेशात ‘नझूल’ म्हणतात. हा शब्द अरबी असून त्याच्या मूळ धातूचा अर्थ ‘उतरणे’ असा आहे. ज्या मालमत्तेला धनी उरला नाही ती सरकारकडे उतरली, ह्या अर्थाने तो हिंदुस्थानच्या महसुली भाषेत रूढ झाला आणि मध्य प्रांताच्या कारभारात स्थिर झाला. दुसरा शब्द देशी आहे. तत्कालीन मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली. तो १९५१ मध्ये अंमलात आल्यावर मालगुजारांकडील तलाव, पडीत व रान शासनाकडे गेले. तलावांना लोक आजही ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. गुरांची चराई, सरपण इत्यादी निस्तारासाठी वापरल्या जाणाऱ्या पडीत जमिनींपैकी पुष्कळ जमिनींची नोंद ‘झुडपी जंगल’ अशी झाली. गोंदिया १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. राज्य बदलले, कायदे बदलले, झुडपेही नाहीशी झाली. नोंद मात्र राहिली.

योजनांची भाषा ह्याहून निराळी आहे. ‘घरकुल’ हे ‘घर’ ह्या शब्दाचे लघुत्वदर्शक रूप. त्यात भातुकलीच्या खेळाची आणि जिव्हाळ्याची छटा आहे. शासनाने हा शब्द उचलला तेव्हा त्याला क्षेत्रफळ आणि हप्ते प्राप्त झाले. ‘लाभार्थी’ हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. विद्यार्थी म्हणजे विद्येची इच्छा धरणारा. त्याच न्यायाने लाभार्थी म्हणजे लाभाची इच्छा धरणारा, ज्याला तो मिळाला असा नव्हे. व्यवहारात ह्या शब्दाचा अर्थ उलटला असला, तरी अनेक कुटुंबांच्या बाबतीत व्युत्पत्तीच खरी ठरली आहे.

हे असे का घडते, ते योजनेच्या रचनेवरून कळते. २५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या नागरी विभागात चार घटक होते. त्यांपैकी लाभार्थ्याने स्वतःच्या जागेवर घर बांधावयाचा घटक देशभर सर्वांत मोठा ठरला. महाराष्ट्रात त्यासाठी केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख, असे अडीच लाख रुपये ठरले होते. पक्के घर नसावे, वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असावे, चटईक्षेत्र तीस चौरस मीटरपर्यंत असावे, ह्या अटी गरीब कुटुंब सहज पुरी करते. परंतु जागा स्वतःची असावी, निदान तिचा पट्टा असावा, ह्या अटीपाशी नझुलावरील कुटुंब अडते. येथे एक भाषिक योगायोग नमूद करावासा वाटतो. ‘पट्टा’ आणि ‘झोपडपट्टी’तील ‘पट्टी’ ही दोन्ही संस्कृत ‘पट्ट’ शब्दाची संतती होय. प्राचीन काळी दानपत्र ज्या ताम्रपटावर कोरीत तोही पट्टच. एकाच शब्दाच्या एका वंशजाने हक्क दाखविला, दुसऱ्याने हक्काचा अभाव.

पट्टा असलेल्यांचा मार्गही सुकर नाही. अनुदान बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे मिळते. म्हणून जुने घर पाडून जोते उभारण्याइतका पैसा आधी हाताशी लागतो, आणि बांधकाम पुरे होईतो भाड्याने राहावे लागते. रोजंदारीवरील कुटुंबाला हा काळ घरापेक्षाही महाग पडू शकतो.

२०१४ नंतर देवरी, गोरेगाव, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव इत्यादी तालुक्यांच्या ठिकाणी नगरपंचायती आल्या. ह्या बदलाने कुटुंब जागचे हलले नाही, परंतु योजना बदलली. ग्रामीण योजनेत सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये आणि त्याशिवाय रोजगार हमीची मजुरी होती. नागरी योजनेत रक्कम मोठी, पण मजुरीचा आधार नाही आणि नकाशा, बांधकाम परवानगी ह्यांची भर. काल गावकरी असलेला माणूस आज नागरी कागदपत्रांचा देणेकरी झाला.

नगरपरिषदांना दोष देऊन हा प्रश्न मिटत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) झोपडपट्टी सुधारणा व नागरी दारिद्र्य निवारण ही कामे नागरी संस्थांच्या सूचीत घातली. जमीन मात्र महसूल खात्याकडेच राहिली. राज्य शासनाने पुढे १ जानेवारी २०११ पूर्वीची शासकीय जमिनीवरील निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण स्वीकारले, हे योग्यच झाले. तथापि झुडपी जंगलाची गाठ निराळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी ह्या जमिनी वनच मानल्या जातील असा निर्णय दिला. त्याबरोबरच १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींसाठी केंद्राच्या मंजुरीची वाट मोकळी ठेवली. अर्थात, वाटपाचा कागद नसलेल्या कुटुंबाला ह्या सवलतीचा आधार सहजासहजी घेता येत नाही.

तुलनेसाठी दुसरे विडीचे शहर पाहावे. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांच्या सहकारी संस्थेने उभारलेल्या दहा हजार घरांचे हस्तांतर २००६ मध्ये झाले. तेथीलच रे नगर प्रकल्पातील तीस हजारांपैकी पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी देण्यात आली. हे काम नगरपालिकेचे नव्हे. परंतु त्यात आधी जमीन आणि मग घर हा क्रम होता. गोंदियात क्रम बहुधा उलटा राहिला : आधी उद्दिष्ट, मग यादी आणि शेवटी जमिनीची चौकशी.

१ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या योजनेच्या दुसऱ्या पर्वात भूमिहीनांना राज्यांनी पट्टे द्यावेत अशी तरतूद आहे. ती फलद्रूप व्हावयाची असेल, तर नगरपरिषद, तहसील, भूमी अभिलेख व वन ह्या चार कार्यालयांतील नोंदी वस्तीवार एकत्र मांडणे हे पहिले काम ठरते. ते प्रशासनाचे आहे तितकेच संशोधकांचेही आहे. मालगुजारीच्या काळापासून आजवरच्या नोंदी वाचू शकणारा, त्यांतील शब्दांचे बदललेले अर्थ जाणणारा विद्यार्थी येथे खरोखर उपयोगी पडेल. कारण ज्या नोंदीमुळे एखादे कुटुंब तीन पिढ्या ‘अतिक्रमणधारक’ राहिले, ती नोंद कशी झाली हे सिद्ध करता आले, तरच तिचा फेरविचार मागता येतो.