ओल्या कचऱ्याचे उपनगरी प्रयोग

1927 साली मुंबईचा कचरा देवनारच्या खाजणात पडू लागला. पुढे मुलुंड आणि गोराईच्या नावालाही तीच ओळख चिकटली. शहर खात राहिले, उपनगरे खरकटे झेलत राहिली. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही. तिथे ओला कचरा कुजला की मिथेन तयार होतो आणि मिथेन पेट घेतो. जानेवारी 2016मध्ये देवनारचा डोंगर धुमसला, तेव्हाचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला.

या कचऱ्याला घरातच अडवण्याचे कल्पक प्रयोगही याच उपनगरांत झाले. आगीच्या बातम्यांखाली ते झाकले गेले, ही खेदाची गोष्ट आहे.

वांद्र्याचे डॉ. आर. टी. दोशी पेशाने अर्थशास्त्रज्ञ. गच्चीवर भाजी आणि फळे पिकवायची, तर पहिली अडचण मातीच्या वजनाची. भिजलेल्या मातीचा भार स्लॅबवर टाकणे धोक्याचे. दोशींनी रसवंतीबाहेर टाकून दिलेली उसाची चिपाडे उचलली. पिशवीत किंवा पिंपात चिपाडांचा जाड थर, त्यावर स्वयंपाकघरातला ओला कचरा, नावापुरती माती. चिपाड हलके असते, ओल धरते आणि कुजता कुजता खत होते.

गच्चीवरच्या शेतीला दुसरी प्रेरणा कोल्हापुराहून मिळाली. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांच्या 'प्रयोग परिवारा'त शेतकरीच प्रयोग करत, नोंदी ठेवत आणि एकमेकांना निष्कर्ष कळवत. पानांवर किती ऊन पडते, याचा हिशेब मांडायला दाभोळकरांनी त्यांना शिकवले. तासगावच्या द्राक्षबागांत तो हिशेब फळाला आला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाचे काम पाहणाऱ्या प्रीती पाटील यांनी 2002 साली तिथल्या गच्चीवर बाग उभी केली, ती दोशींकडून आणि दाभोळकरांच्या पद्धतीतून शिकून. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञान भवनातही शहरी शेतीचे धडे मिळू लागले.

ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी वेगळी वाट धरली. देवनारला आग लावणारा मिथेनच त्यांना हवा होता, पण टाकीत कोंडलेला. त्यांच्या 'निसर्गऋण' संयंत्रात कचऱ्याचा आधी लगदा होतो. पहिल्या टाकीत गरम पाणी आणि हवा मिळाल्याने उष्णताप्रेमी जीवाणू तो झटपट विरघळवतात; दुसऱ्या, हवाबंद टाकीत त्याचा जळाऊ वायू होतो आणि खाली खत उरते. नारळाच्या करवंट्या आणि हाडे मात्र आधीच वेचून काढावी लागतात.

ऑक्टोबर 2017पासून महापालिकेने मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितले. दोन गच्च्यांवरचा छंद आता नियमात आला. घरी असा कचरा कुजवताना पिंपाला आंबूस वास सुटला, तर आत हवा कमी पडते आहे असे समजावे: मूठभर सुका पालापाचोळा घालावा, ढवळावे, आणि दोन दिवस पाणी घालू नये.