टोटेम पोल : दगड सुटला तो दिवस

शिरोळकडच्या माणसाला संकट फुटाफुटानं चढताना बघायची सवय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर आली की इशारा, 43 वर धोका. तोवर गोठ्यातली जनावरं सोडायला सवड मिळते. (2019 ला तीही पुरली नाही, ते वेगळं.) टास्मानियात केप हॉयच्या टोकाशी, भर समुद्रात उभ्या असलेल्या टोटेम पोल सुळक्यावर असली पट्टी नव्हती.

दगड सुटण्याच्या तीस वर्षं आधी, 1968. जॉन युबँक आणि ॲलन केलर हा डोलेराइटचा सुळका पहिल्यांदा सर करतात. उंची सुमारे 65 मीटर, बुडाशी रुंदी जेमतेम 4. एखाद्या खोलीएवढ्या पायावर वीस मजली इमारत!

काही महिने आधी. ब्रिटिश गिर्यारोहक पॉल प्रिचर्डच्या ‘डीप प्ले’ला 1997 चा बोर्डमन टास्कर पुरस्कार. त्या पैशांतून तो जगभरचे कडे चढायला निघतो.

13 फेब्रुवारी 1998, शुक्रवार. सोबत सीलिया बुल. इथली गंमत अशी, की चढायचं तर आधी दोरावरून खाली उतरावं लागतं. बुडाशी लाटा.

तो क्षण. दोर हलतो. वरचा टीव्हीएवढा दगड निसटतो आणि 25 मीटरवरून थेट पॉलच्या डोक्यात बसतो. चूक कुणाची, हे शोधण्यात अर्थ नाही. पॉल उलटा लोंबकळतो, कवटी फुटलेली.

पहिले तीन तास. सीलिया त्याला सरळ करते आणि दोरानं इंच इंच ओढत 30 मीटर वरच्या अरुंद कपारीवर आणते. एकटी. या साऱ्या हकिकतीत मला हेच खरं गिर्यारोहण वाटतं.

त्यानंतर. त्याला कपारीला बांधून ती मदतीसाठी 8 किलोमीटर धावते. पॉल एकटाच, रक्त वाहतंय.

दहाव्या तासाच्या सुमारास. नील स्मिथ हा पॅरामेडिक दोरावरून त्याच्यापर्यंत पोचतो. खाली होडीत, मग हेलिकॉप्टरनं होबार्टच्या इस्पितळात. मेंदूत घुसलेले हाडांचे तुकडे काढायला सहा तासांची शस्त्रक्रिया.

पॉल वाचला. उजवी बाजू मात्र लुळी पडली, बोलणं नव्यानं शिकावं लागलं. एप्रिल 2016 मध्ये तो परत आला आणि साथीदारांच्या मदतीनं, एका हातानं दोरावर स्वतःला ओढत, टोटेम पोलच्या माथ्यावर पोचला.