पाटीला कळफलक जोडला की संगणक होतो का?

शाळेसाठी किंवा घरच्या मुलांसाठी संगणक घ्यायचा म्हटले की हल्ली एक प्रश्न हमखास पुढे येतो. लॅपटॉप घ्यावा, की हवा तेव्हा कळफलक जोडता येणारा आणि नको तेव्हा तो काढून ठेवता येणारा टॅबलेट? नागपूरच्या जरीपटका भागातील शाळा असो की गडचिरोलीतील आश्रमशाळा, शिक्षकांची अडचण सारखीच असते. पैसे मोजकेच असतात आणि घेतलेले यंत्र पाच-सहा वर्षे चालवायचे असते. दुकानात दोन्ही यंत्रे जवळजवळ सारखीच दिसतात. मग फरक कशात आहे? या प्रश्नाला पन्नास वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि त्यातला एक महत्त्वाचा अध्याय आपल्या पवईत घडला आहे.

सुरुवात अमेरिकेत झाली. संगणक खोलीभर मोठे होते त्या काळात, १९६८ साली, ॲलन के या तरुण संशोधकाने सेमूर पेपर्ट यांच्या प्रयोगात लहान मुलांना ‘लोगो’ ही संगणक-भाषा वापरताना पाहिले. मुले स्वतः आज्ञावली लिहून गणिताशी खेळत होती. के यांच्या मनात कल्पना आली, की हे यंत्र वहीसारखे मुलाच्या हातात का असू नये? १९७२ मध्ये त्यांनी ‘डायनाबुक’ नावाच्या यंत्राचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. आकार वहीएवढा, वजन दोन किलोहून कमी, सपाट पडदा आणि त्याखाली कळफलक. तसा पडदा, तशी विद्युतघट-रचना आणि तेवढी छोटी स्मृती तेव्हा उपलब्ध नव्हती. त्यामुळे डायनाबुक कधी बनलेच नाही. पण के यांचा भर आकारावर नव्हता. मुलाने या यंत्रावर वाचावे, लिहावे, चित्र काढावे आणि मुख्य म्हणजे यंत्राला नवे काम शिकवावे, अशी त्यांची अपेक्षा होती. ही अपेक्षा लक्षात ठेवून पुढचा इतिहास पाहू या.

१९८९ मध्ये ‘ग्रिडपॅड’ नावाचे लेखणीने चालणारे यंत्र बाजारात आले. ठरावीक तक्ते भरण्यासाठी ते उपयोगी होते. शिकणाऱ्या मुलाचा विचार त्यात नव्हता. १९९०च्या दशकाच्या आरंभी कॉम्पॅक कंपनीने ‘कॉन्सर्टो’ आणला. त्याचा कळफलक सुटा होत असे. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने टॅबलेट संगणकांसाठी खास प्रणाली दिली आणि कॉम्पॅकचा ‘टीसी १०००’ हा सुट्या कळफलकाचा संगणक त्याच वर्षी आला. म्हणजे आज नवी वाटणारी ही कल्पना तशी तीस वर्षांपूर्वीची आहे. मात्र ही यंत्रे महाग होती. त्यांच्यातील प्रणाली कळफलक आणि माऊस यांच्यासाठी घडवलेली होती. बोटाने किंवा लेखणीने ती चालवणे त्रासाचे होई.

२०१० मध्ये ॲपलने आयपॅड आणला तो उलट्या दिशेने. लॅपटॉपला हलके करण्याऐवजी मोबाइल फोनला मोठे केले. त्यामुळे यंत्र पातळ झाले, पंखा गेला, विद्युतघट दिवसभर पुरू लागला. वाचणे, पाहणे, ऐकणे यांसाठी ते उत्तम होते. लिहिण्याची वेळ आली की मात्र लोकांना कळफलकाची आठवण झाली. २०११ मध्ये असूसने ‘ट्रान्सफॉर्मर’ हा कळफलकात बसणारा टॅबलेट आणला. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टचा ‘सरफेस’ आला आणि २०१४ मध्ये त्याच्या तिसऱ्या ‘प्रो’ आवृत्तीची जाहिरात ‘लॅपटॉपची जागा घेणारा टॅबलेट’ अशीच करण्यात आली. २०१५ मध्ये ॲपलनेही आयपॅडला कळफलक दिला.

येथे शाळेतील भौतिकशास्त्र उपयोगी पडते. लॅपटॉपचे जड भाग, म्हणजे विद्युतघट आणि मुख्य मंडल, कळफलकाखाली असतात. पडदा हलका असतो. सुटणाऱ्या टॅबलेटमध्ये हे सारे पडद्यामागेच ठेवावे लागते, कारण पडदा एकटाही चालला पाहिजे. परिणामी वरचा भाग जड होतो. समजा, टॅबलेट ७०० ग्रॅमचा आणि २० सेंटिमीटर उंच आहे, आणि तो उभ्या रेषेपासून ३० अंश मागे कलला आहे. त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीच्या १० × साइन ३०, म्हणजे ५ सेंटिमीटर मागे येईल. बिजागरीभोवतीचे आघूर्ण ७०० × ५ = ३५००. कळफलक ३०० ग्रॅमचा आणि २० सेंटिमीटर रुंद असेल, तर त्याचे उलट दिशेचे आघूर्ण ३०० × १० = ३०००. यंत्र मागे पडणार! शिवाय पडद्याला बोटाने ढकलले की आणखी भर पडते. यावर दोनच मुख्य उपाय आहेत. एक तर कळफलक जड करायचा. ट्रान्सफॉर्मरच्या कळफलकात दुसरा विद्युतघटच बसवला होता. नाही तर टॅबलेटला मागून टेकू द्यायचा, जसा सरफेसला दिला. पण टेकूला सपाट जागा लागते. टेबलावर तो छान उभा राहतो. मांडीवर किंवा सतरंजीवर बसून काम करणाऱ्या मुलापाशी तो डगमगतो. आपल्या अनेक वर्गांत मुले जमिनीवर बसतात, हे खरेदीच्या वेळी विसरून चालणार नाही.

दुसरी बाब उष्णतेची. पंखा नसलेल्या यंत्रातील उष्णता मुख्यतः पाठीच्या पत्र्यातून बाहेर जाते आणि त्यासाठी भोवतालची हवा यंत्रापेक्षा थंड असावी लागते. आयपॅडसाठी कंपनीने सांगितलेली वापराची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि एप्रिलमध्येही पत्र्याच्या छपराखालच्या वर्गात ३५ अंश सहज ओलांडले जातात. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. ‘सकाळी नीट चालतो, दुपारी अडकतो’ या तक्रारीचे कारण पुष्कळदा हेच असते.

आता आपल्या देशातील प्रयोगाकडे वळू. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत ‘आकाश’ टॅबलेट सादर केला. डेटाविंड कंपनीने तो बनवला होता आणि आयआयटी राजस्थान या संस्थेकडे प्रकल्पाची जबाबदारी होती. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट स्मृती आणि वजन सुमारे ३५० ग्रॅम. यूएसबी जोडणीतून साधा कळफलकही लावता येई. पडदा दाबावर चालणारा होता. अशा पडद्यात दोन वाहक थर असतात. दाब दिला की ते एकमेकांना टेकतात आणि जागा कळते. तो स्वस्त असतो. पण बोट फिरवणे जड जाते. विद्युतघट २१०० मिलिॲम्पिअर-तासांचा होता. ३.७ व्होल्टने गुणले तर ऊर्जा सुमारे ७.८ वॅट-तास येते. यंत्राने अडीच वॅट खर्च केले तर तीन तासांत सारे संपले! साध्या लॅपटॉपमध्ये ही साठवण ४० वॅट-तास किंवा त्याहून अधिक असते.

यावर टीका झाली आणि २०१२ मध्ये काम पवईच्या आयआयटी मुंबईकडे आले. तेथे संगणकशास्त्राचे प्राध्यापक दीपक फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्र सुधारून घेतले. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश-२’ सादर झाला. प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा, स्मृती दुप्पट आणि पडदा बोटाच्या हलक्या स्पर्शाने चालणारा. शासनाची खरेदीची किंमत २२६३ रुपये होती आणि अनुदानानंतर विद्यार्थ्याला तो ११३० रुपयांत द्यावयाचा होता.

पण पवईचे खरे काम वेगळे होते. टॅबलेटवर केवळ धडे दाखवून हा गट थांबला नाही. सी, सी प्लस प्लस, पायथन आणि सायलॅब या भाषांत विद्यार्थ्याला टॅबलेटवरच आज्ञावली लिहून चालवता याव्यात, अशी सोय त्यांनी केली. मेमरी कार्डावरून लिनक्स ही पूर्ण संगणक-प्रणाली सुरू करण्याचा मार्गही तयार केला. दूरस्थ केंद्रांमार्फत देशभरातील हजारो अध्यापकांसाठी कार्यशाळा झाल्या. दोन हजार रुपयांच्या यंत्राला कळफलक जोडून, त्यावर मुक्त प्रणाली चालवून, ते अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पाडण्याचा हा प्रयत्न होता. के यांची १९७२ ची अपेक्षा येथे पुन्हा भेटते.

आकाशचा घोषित विस्तार पुढे झाला नाही. यंत्र कमकुवत होते, पुरवठा रखडला आणि दरम्यान बाजारात अधिक चांगले स्वस्त फोन आले. तरी या प्रयोगातून एक गोष्ट स्पष्ट झाली. टॅबलेटचा संगणक होतो तो कळफलकामुळे नव्हे, तर त्यावरील प्रणाली विद्यार्थ्याला काय करू देते यामुळे. याचे उलटे उदाहरणही त्याच वर्षीचे आहे. २०१२ च्या पहिल्या सरफेसला कळफलक छान होता; पण त्यावर नेहमीच्या विंडोज-आज्ञावली चालत नव्हत्या, कंपनीच्या दुकानातूनच घ्याव्या लागत.

मग कळफलक बिनमहत्त्वाचा आहे का? तसेही नाही. पडद्यावरचा कळफलक निम्मा पडदा व्यापतो आणि लिहिलेला मजकूर मुलाच्या नजरेआड जातो. मराठीसाठी ‘इनस्क्रिप्ट’ हा प्रमाणित कळफलक आहे; त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात, क आणि ख एकाच कळीवर असतात. वर्णमालेची ही शास्त्रीय मांडणी बोटांत बसते ती खऱ्या कळांवर. मात्र पडद्यावरच्या कळफलकाचा एक गुण मान्य केला पाहिजे. जरीपटका ही फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची मोठी वस्ती. तेथील मुलाला मराठी, हिंदी, इंग्रजी आणि सिंधी अशा चार भाषांत लिहावे लागू शकते. सिंधी देवनागरीत लिहिली तर ॻ, ॼ, ॾ, ॿ ही जादा अक्षरे लागतात. अरबी वळणाच्या लिपीत लिहिली तर सारेच बदलते. छापील कळांवर हे मावत नाही. पडद्यावर लिपी क्षणात बदलते. दोन्ही सोयी हाताशी असणे, हा सुट्या कळफलकाच्या टॅबलेटचा खरा फायदा आहे.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा अनेक मुलांसाठी फोन किंवा टॅबलेट हीच शाळा झाली. मुलांनी पुष्कळ पाहिले, ऐकले. लिहिले मात्र थोडे. म्हणून खरेदीआधी दुकानातच चार गोष्टी करून पाहाव्यात. तक्ता असलेला दोन पानांचा मराठी निबंध त्यावर लिहावा. इंटरनेट बंद करून पाढा छापणारी छोटी आज्ञावली लिहून चालवावी. तयार केलेली फाइल पेनड्राइव्हवर काढून दुसऱ्या संगणकावर उघडावी. आणि यंत्र मांडीवर घेऊन कळफलकावर एक पान लिहावे. चारही जमले तर त्या टॅबलेटला खुशाल संगणक म्हणावे. पहिल्या तीनपैकी एखादी अडली, तर ते वाचण्या-पाहण्याचे उत्तम साधन असेल. लॅपटॉपची जागा मात्र त्याला देऊ नये. चौथी अडली, तर यंत्राबरोबर एका टेबलाचाही खर्च धरावा.

वर्गात मुलांना आघूर्णाचा प्रयोग द्यायला यंत्राचीही गरज नाही. पाटी आणि पुठ्ठ्याची वही चिकटपट्टीने काठाला काठ जोडून बिजागरी करा, पाटी तिरपी उभी करून तिचा वरचा काठ वहीच्या पुढच्या काठाला दोरीने ताणून बांधा आणि ती मागे पडू नये म्हणून वहीवर किती वजन ठेवावे लागते ते मोजायला सांगा. उत्तर आधी गणिताने काढायचे आणि मग पडताळून पाहायचे.